साचा कोणाचा? नाशिकच्या यंत्रोद्योगातील मोल्डिंग, मालकी आणि कसब

प्रास्ताविक

नाशिकच्या आधुनिक इतिहासावर झालेल्या लेखनाचा ओढा क्षेत्रमाहात्म्य, पेशवेकाळ, १९०९ मधील जॅक्सन वध आणि १९३० पासूनचा काळाराम मंदिर सत्याग्रह या विषयांकडे राहिला, हे स्वाभाविकच होय. औद्योगिक नाशिकच्या वाट्याला मात्र या लेखनात एखाददुसरा परिच्छेद येतो. अमुक साली अमुक कारखाना आला, इतक्या एकर जमिनीवर वसाहत झाली, इतक्या हातांना काम मिळाले, अशा नोंदींपुढे तो सहसा जात नाही. कारखान्यांची यादी म्हणजे उद्योगाचा इतिहास नव्हे. कारखान्याच्या आत काय घडत होते, कोणते कसब कोणाकडून कोणाकडे गेले आणि त्या कसबाच्या साधनांवर हक्क कोणाचा राहिला, हे विचारल्याखेरीज त्या इतिहासाला सुरुवात होत नाही.

प्रस्तुत लेखात ही चौकशी साचा या एकाच वस्तूभोवती केली आहे. सातपूर व अंबडच्या शेडमध्ये त्याला मोल्ड किंवा डाय म्हणतात. इंजेक्शन मोल्डिंगच्या पद्धतीने प्लॅस्टिकचे, रबराचे आणि अलीकडे सिलिकॉनचे सुटे भाग घडवणारा लघुउद्योजक यंत्र स्वतःचे घेतो, शेड स्वतःची बांधतो, कर्ज स्वतःच्या नावावर काढतो. परंतु ज्या पोलादी साच्यामुळे त्याच्या मालाला आकार येतो, तो साचा पुष्कळदा त्याचा नसतो. ही गोष्ट व्यवहारात सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच बहुधा ती लिहिली गेली नाही.

हातातला आकार आणि पोलादातला आकार

१८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात तांब्यापितळेच्या कामाची दखल घेतलेली आहे. जुन्या नाशकातील तांबट लेन आणि भांडीबाजार ही नावे त्या व्यवसायाची आजही साक्ष देतात. तांबटाचे काम मुख्यतः ठोकणीचे. तांब्याचा पत्रा तापवायचा, ऐरणीवर धरून हातोड्याने वळवायचा आणि शेवटी मठार देऊन त्याला बळकटी व झळाळी आणायची. या कामात घंगाळाचा किंवा हंड्याचा आकार तांबटाच्या मनगटात असतो. तो आकार कोणाला उचलून नेता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि त्यावर कुलूपही घालता येत नाही. तांबटाला सावकार नाडू शकत होता, पत्रा पुरवणारा व्यापारी मजुरी पाडू शकत होता, हे खरे. तरीही आकाराची मालकी त्याच्याकडेच राहत असे.

ठशाचे व साच्याचे तसे नाही. येथे आकार हाताबाहेर जाऊन धातूच्या ठोकळ्यात बसतो. याच जिल्ह्यातील चांदवडचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. होळकरांच्या अमलाखाली चांदवड येथे टांकसाळ होती आणि तेथील चांदवडी रुपया दूरवर चालत असे. मराठा अमलात टांकसाळी पुष्कळदा सोनारांना वा सराफांना मक्त्याने दिल्या जात. चांदी गाळणे, तोलणे, तुकडे पाडणे, ठसा मारणे ही सारी कामे कारागिरांची; पण ठशावरचे नाव आणि ठशामागचा अधिकार राज्याचा. वेगळ्या कारागिराने तीच चांदी तितक्याच वजनाची घेऊन तसाच ठसा मारला, तर तो गुन्हेगार ठरे. १९२५ मध्ये नाशिकरोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलार्थ पत्र मुद्रणालय सुरू झाले. तेथेही कोरलेला ठसा कुलपात, आणि त्यावर काम करणारा कोरीवकार वेतनावर, अशीच व्यवस्था असणे क्रमप्राप्त होते. आकार एकदा हाताबाहेर पडला की त्याची मालकी आणि त्याचे कसब या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, एवढेच यातून ध्यानात घ्यावयाचे आहे. सरकारी ठशाच्या बाबतीत ही फारकत आवश्यकच असते. बटणाच्या, बुचाच्या किंवा गॅस्केटच्या साच्याबाबत ती आवश्यक आहे काय, हा वेगळा प्रश्न आहे.

इंजेक्शन मोल्डिंगचा पूर्ववृत्तांत

इंजेक्शन मोल्डिंगचा उगम एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सापडतो. हस्तिदंताला पर्याय म्हणून सेल्युलॉइड तयार करणाऱ्या हायट बंधूंनी १८७२ मध्ये, हे द्रव्य तापवून दट्ट्याच्या दाबाने साच्यात भरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. वैद्याच्या पिचकारीत आणि या यंत्रात तत्त्वतः फरक नाही, म्हणूनच ‘इंजेक्शन’ हा शब्द त्याला चिकटला. पुढे १९४६ मध्ये जेम्स वॉटसन हेंड्री याने दट्ट्याऐवजी फिरता स्क्रू वापरून द्रव्य घुसळत पुढे ढकलणारे यंत्र सिद्ध केले. आजची बहुतेक यंत्रे याच स्क्रूच्या कुळातील आहेत.

भारतात या तंत्राला बळ मिळाले ते कच्चा माल देशात तयार होऊ लागल्यावर. १९५७ च्या सुमारास मुंबईत पॉलिस्टायरीनचे, तर १९५९ मध्ये देशात पॉलिथिलीनचे उत्पादन सुरू झाले. १९६३ मध्ये आर. एच. विंडसर (इंडिया) ही कंपनी स्थापन होऊन ठाण्यात मोल्डिंगची यंत्रे बनू लागली. माल मुंबईत आणि यंत्र ठाण्यात, म्हणजे साधारण दीडदोनशे किलोमीटरच्या टप्प्यात मिळू लागल्याने कसारा घाट चढून नाशिकपर्यंत हा उद्योग पोचणे अवघड राहिले नाही.

सातपूर, अंबड आणि ‘मायको’चे संस्कार

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि सातपूर ही त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक ठरली. तेथेच सहकारी तत्त्वावरील नाशिक इंडस्ट्रियल को-ऑपरेटिव्ह इस्टेट, म्हणजे बोलीतली ‘नाईस’, उभी राहिली. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. साठचे दशक सरता सरता सातपूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी आली. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी त्र्यंबक रस्त्यावरचा चौक नाशिककरांच्या तोंडी अजून मायको सर्कलच आहे.

नाशिकच्या कारखानदारीत ‘इंजेक्शन’ हा शब्द प्रथम रुजला तो प्लॅस्टिकमुळे नव्हे, तर डिझेलमुळे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मायकोचा सातपूरचा कारखाना डिझेल इंजिनाचे इंजेक्टर व नोझल बनवण्यासाठी ओळखला गेला. नोझलच्या आतील सुई आणि तिची बाही यांमधील फट अवघी दोनचार मायक्रॉनची असते. मनुष्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर या मोजमापाची कल्पना येईल. इतक्या बारकाईने पोलाद घासणे, मोजणे आणि एकमेकांत बसवणे हे काम ज्या पिढीने तेथे आणि ओझरला शिकून घेतले, तिने मायक्रॉन हा शब्द शहराच्या बोलीत आणला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे मोठ्या कारखान्यांना उमेदवार घेणे बंधनकारक होते. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर, टर्नर, मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेली मुले उमेदवारीसाठी या कारखान्यांत जात. उमेदवारी संपली की सर्वांना कायम नोकरी मिळणे शक्य नव्हते. ज्यांना ती मिळाली नाही, किंवा ज्यांनी पुढे सोडली, त्यांच्यातल्या काहींनी एखादे लेथ, एखादे ग्राइंडर घेऊन शेड थाटली. नाशिकच्या टूलरूमची वंशावळ मांडायची, तर तिचे मूळ मोल्डिंगच्या यंत्रात न शोधता या नोझलच्या सुईत शोधावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंबड वसाहत पुढे वाढली. विद्युत स्विचगिअर, रोहित्रे, मोटारी यांचे मोठे उत्पादक जिल्ह्यात स्थिरावले, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. त्याच काळात साच्यातून घडवलेल्या प्रवासी बॅगांनीही नाशिकला आपले केंद्र केले. व्हीआयपीचे कारखाने सातपूर व सिन्नरला, तर १९९० च्या दशकात सॅमसोनाइटचा गोंद्याला आला. आख्खी सुटकेस एका दणक्यात साच्याबाहेर काढणारे अवाढव्य साचे आणि बोटाच्या पेराएवढा कनेक्टर काढणारे इवलेसे साचे, अशी दोन्ही टोके या जिल्ह्याने पाहिली. सुटकेसच्या साच्याची चर्चा येथे वाढवत नाही. तो साचा बहुधा कारखानदाराचाच असतो आणि आपला प्रश्न पुरवठादाराच्या साच्याचा आहे.

परक्या घरी नांदणारा साचा

व्यवहार असा चालतो. मोठी कंपनी भागाचे रेखाचित्र देते. त्यावरून टूलरूम पोलादाच्या ठोकळ्यात पोकळी कोरते, जुन्या काळी मिलिंग व हाताच्या कानशीने, पुढे स्पार्क इरोजन, वायर कट आणि संगणकीय यंत्रांनी. साच्याची किंमत कंपनी एकरकमी देते, किंवा प्रत्येक नगाच्या भावात थोडीथोडी मिसळून फेडते. दोन्ही रीतींत साचा अखेर कंपनीच्या मालमत्तेत धरला जातो. तो ठेवला जातो मात्र पुरवठादाराच्या शेडमध्ये. त्याला तेल लावणे, गंजापासून जपणे, झिजलेली पिन बदलणे ही सेवा पुरवठादाराने करायची. मागणी दुसऱ्याकडे वळली की टेम्पो येतो आणि साचा चढवून नेला जातो. मागे यंत्र राहते, कर्जाचा हप्ता राहतो, आणि ते यंत्र चालवण्यात वाकबगार झालेली माणसे राहतात.

या व्यवस्थेचा लेखी पुरावा कोठे शोधावा? लघुउद्योगांची दप्तरे सहसा टिकत नाहीत. सुदैवाने करविषयक कायद्यांत या साच्याची पावले स्पष्ट उमटली आहेत. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या २००० सालच्या मूल्यनिर्धारण नियमांपैकी सहाव्या नियमाच्या स्पष्टीकरणात, खरेदीदाराने विनामूल्य वा कमी किमतीत पुरवलेली हत्यारे, डाय, साचे व रेखाचित्रे यांचे मूल्य मालाच्या किमतीत धरावे, असे सांगितले होते. २००४ च्या सेनव्हॅट क्रेडिट नियमांनी साचे व डाय जॉब वर्कसाठी दुसऱ्याकडे पाठवण्याची मुभा दिली. आणि २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १४३ ने तर फार बोलका भेद केला. जॉब वर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षात, इतर भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आल्या पाहिजेत. साचे, डाय, जिग, फिक्श्चर व हत्यारांना मात्र ही कालमर्यादा नाही. जून २०१८ मधील परिपत्रकाने मूळ उत्पादकाच्या मालकीचे साचे सुट्या भागांच्या उत्पादकाला विनामूल्य दिले, तर तो ‘पुरवठा’ ठरत नाही, असेही स्पष्ट केले.

कर गोळा करणाऱ्याला इतिहास लिहायचा नव्हता, तरी त्याने तो लिहून ठेवला आहे. साचा ही वस्तू वर्षानुवर्षे परक्या घरी नांदते आणि तरीही परकीच राहते, ही गोष्ट कायद्याने गृहीत धरली. मुदत लावणे व्यवहाराला धरून झाले नसते, एवढा हा परिपाठ पक्का होता.

याचा अर्थ हा सारा एकतर्फी अन्याय होता, असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. कंपनीने साच्याचे पैसे दिले नसते, तर नव्वदच्या दशकातल्या कितीतरी पहिल्या पिढीच्या उद्योजकांना धंद्यात पाऊलच टाकता आले नसते. साच्याबरोबर रेखाचित्र आले, गुणवत्तेची तपासणी आली, मोजमापाची शिस्त आली. गेले ते एकच. स्वतःचा आकार, स्वतःच्या नावाचा माल बनवण्याची सवय फार थोड्यांना लागली.

सिलिकॉन: उलट चालणारे मोल्डिंग

सिलिकॉन हे द्रव्य या प्रश्नाला नवी धार आणते, म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. ‘सिलिकॉन’ हे एकाच लेखनाने मराठीत दोन अर्थांनी येते. एक वाळूतले मूलद्रव्य, ज्याच्या चकत्यांवर संगणकाचे मंडल कोरतात. दुसरे त्या मूलद्रव्यापासून बनवलेले रबरासारखे बहुवारिक. येथे दुसरे अभिप्रेत आहे. त्याला हे नाव दिले नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. आपल्या चिकट संयुगांना व्यावहारिक भवितव्य असेल, असे त्यांना वाटत नव्हते. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोशो यांनी सिलिकॉन मूलद्रव्यावर तापलेला मिथाइल क्लोराइड वायू सोडून मूळ द्रव्य मिळवण्याची सरळ पद्धत शोधली आणि चित्र पालटले. या अभिक्रियेत उत्प्रेरक म्हणून तांबे लागते. तांबटांच्या गावात ही तपशीलवजा गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेला ओलाव्यापासून वाचवण्यासाठी या द्रव्याचा पहिला मोठा उपयोग झाला.

सिलिकॉन रबर प्रारंभी कणकेच्या गोळ्यासारखे घट्ट मिळे. ते तापत्या दाबयंत्रात, दोन पाट्यांच्या मध्ये दाबून शिजवत. साच्याच्या फटीतून बाहेर आलेली पातळ झालर नंतर कात्रीने वा ब्लेडने कापावी लागे. साध्या रबराच्या वर्कशॉपमध्ये आजही ही कापणी हातानेच चालते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात द्रव सिलिकॉन रबर बाजारात आले. त्याचे दोन घटक वेगवेगळ्या पिंपांतून सारख्या प्रमाणात खेचून मिसळतात आणि प्लॅटिनमच्या उत्प्रेरणाने ते उष्णतेत घट्ट होतात.

येथे नेहमीचे मोल्डिंग उलटे होते. प्लॅस्टिकच्या कामात नळी तापलेली आणि साचा थंड. पॉलिप्रॉपिलीन दोनशे अंशांच्या वर वितळवून गार साच्यात गोठवतात. द्रव सिलिकॉनच्या कामात नळी पाण्याने थंड ठेवायची आणि साचा १५० ते २०० अंश सेल्सियस तापवायचा. नळी तापली, तर द्रव्य यंत्रातच शिजून बसते. प्लॅस्टिकवर वीस वर्षे काढलेल्या ऑपरेटरलाही येथे हाताच्या सवयी मोडाव्या लागतात. त्यात हे द्रव्य कमालीचे पातळ. चारपाच मायक्रॉनच्या फटीतूनही ते झिरपते आणि झालर धरते. झालर नको असेल, तर साच्याचे दोन अर्धे तापलेल्या अवस्थेत तितक्याच बारकाईने मिटले पाहिजेत. पोकळीतली हवा निर्वात पंपाने काढावी लागते. वाया जाणारे द्रव्य वाचवण्यासाठी प्रवेशमार्गही थंड ठेवावे लागतात. थोडक्यात, प्लॅस्टिकच्या कामात यंत्र आणि साचा यांनी अर्धाअर्धा उचललेला भार येथे जवळजवळ सगळा साच्यावर येतो. दोनचार मायक्रॉनची जी भाषा नाशिकने नोझलच्या निमित्ताने शिकून घेतली, तीच या साच्याची भाषा आहे.

नाशिकच्या उद्योगाला हे द्रव्य परके नाही. विद्युत उपकरणे हा या शहराचा जुना व्यवसाय, आणि उच्च दाबाच्या वाहिन्यांवर चिनी मातीच्या दांड्यांची जागा गेल्या काही दशकांत सिलिकॉन आवरणाच्या दांड्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली. काचतंतूंच्या दांड्याभोवती सिलिकॉनच्या छत्र्या साच्यातच चढवल्या जातात. चिनी मातीवर धूळ व क्षार बसले आणि वर दव पडले की वीज पृष्ठभागावरून पळू लागते. सिलिकॉनमधील हलके रेणू मात्र धुळीच्या थरातून वर येतात आणि त्या धुळीलाही पाणी झटकायला लावतात. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत याचे मोल वेगळे सांगायला नको. २०२५ मध्ये नाशिकजवळ शिलापूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची विभागीय चाचणी प्रयोगशाळा सुरू झाल्याने अशा उपकरणांच्या चाचणीची सोयही जवळ आली. मोटारीतील वायरजोडणीची जलरोधक बुचे, बॅटरीच्या पेटीची सील, वैद्यकीय नळ्यांची टोके, बाळाच्या दुधाच्या बाटलीचे बोंडले, अशी या द्रव्याची मागणी सर्वत्र वाढत आहे.

प्रश्न पुन्हा तोच, फक्त अधिक महाग. सिलिकॉनचा साचा घडवायला साध्या प्लॅस्टिकच्या साच्यापेक्षा पुष्कळ अधिक खर्च येतो, मूळ द्रव्य बहुतांशी आयात होते, आणि झालर कापणाऱ्या हातांची गरज या पद्धतीत जवळजवळ संपते. म्हणजे ज्याच्याकडे भांडवल कमी, त्याने साचा स्वतःच्या नावावर घेण्याची शक्यता आणखी कमी. साच्यावर भार वाढत जातो आणि साचा हातातून निसटत जातो. पुरवठादाराजवळ उरते ते तापमानाचे, दाबाचे आणि वेळेचे ज्ञान, जे रेखाचित्रात नसते. साचा टेम्पोत चढला, तरी हे ज्ञान टेम्पोत चढत नाही; नव्या जागी पहिले काही दिवस माल बिघडतो, तो त्याचमुळे. करारात मात्र या ज्ञानाचे मूल्य लिहिण्याची रीत पडलेली नाही.

दप्तराचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे तातडीचे काम आहे. साठच्या व सत्तरच्या दशकांत उमेदवारी केलेले टूलमेकर आज साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या वह्यांत साच्यांची रेखाटने, पोलादाच्या कडकपणाची टिपणे, कोणत्या भागाला किती आकुंचन धरले याचे हिशेब असतात. बंद पडलेल्या शेडची विक्री होते तेव्हा यंत्रांना भाव मिळतो, वह्या रद्दीत जातात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी किल्ले आणि बारवा यांच्याइतकीच सातपूरची शेड अभ्यासयोग्य मानली, तर या वह्या आणि त्या लिहिणारांच्या मुलाखती अजूनही हाती लागू शकतील. आपल्या वर्गांतील कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील आणि आजोबा याच शेडमधून निवृत्त झालेले आहेत. पुराव्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.

अशा मुलाखतींबरोबर साचेही पाहिले पाहिजेत. मोठ्या कंपनीच्या साच्यावर बहुधा एक छोटी धातूची पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर मालक कंपनीचे नाव, मालमत्ता क्रमांक आणि भागाचा क्रमांक असतो. ज्याने तो कोरला, त्याचे नाव घालण्यासाठी त्या पट्टीवर रकाना नसतो.